वरची रेघ

माझ्या नवऱ्याला सगळे पेंटर म्हणतात. मीही म्हणते. नवी नवरी होते तेव्हा हौसेने म्हणायची, पुढे हौस गेली आणि सवय तेवढी राहिली. एकतीस वर्षं त्यांनी दुकानांच्या पाट्या रंगवल्या आणि एकतीस वर्षं माझ्या अक्षराला नावं ठेवली. दोन्ही कामं मन लावून केली, एक दिवस खाडा नाही.

सामानाची यादी लिहिली की वाचायच्या आधी म्हणायचे, "हे कोंबडीचे पाय कुणाचे?" बँकेत सही करताना मागे उभे राहून, "सही करतेस की डास मारतेस?" काउंटरपलीकडची बाई हसायची, मग मीही हसायची. चारचौघांत काय करणार? घरातल्या बरण्यांवर मी चिठ्ठ्या चिकटवल्या तर संध्याकाळपर्यंत त्या निघालेल्या असायच्या. त्या जागी त्यांच्या हातची 'मीठ', 'चहा', 'साखर' अशी ठसठशीत अक्षरं, जणू बरणी नाही, दुकानच.

कारण एकच सांगायचे. माझी वरची रेघ चुकते. पेंटरांची पद्धत अशी, की आधी वरची रेघ ओढायची आणि मग तिला एकेक अक्षर टांगायचं. आधी छप्पर, मग भिंती. मी शाळेत शिकले तशी आधी अक्षरं काढते आणि मग वरून एक रेघ फरकन ओढून मोकळी होते. ती कुठे टेकते, कुठे टेकत नाही. "भिंती उभ्या करून मग छप्पर टाकतेस, म्हणून तुझं घर गळतं," असं ते म्हणायचे. जगात सगळी घरं तशीच बांधतात, पण हे त्यांना सांगायची कुणाची टाप होती?

हे सगळं मी गंमत म्हणून सोडलं असतं. सोडलंही होतं, एक गोष्ट सोडून. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी माझी आई आजारी पडली. मी तिला पत्र लिहिलं. पेंटरांनी ते पाहिलं आणि म्हणाले, "हे असलं माझ्या घरातून जाणार? लोक म्हणतील पेंटरच्या बायकोला लिहिता येत नाही. परत काढ." मी परत काढलं. "परत काढ." चार दिवसांत पाच वेळा काढलं. त्या पत्रात होतं काय तर, आई तू कशी आहेस, आता बरं वाटतं का, मी लवकर येते. पाचवं पत्र त्यांना पसंत पडलं आणि टपालात गेलं. ते पोचलं तेव्हा आई वाचण्यापलीकडे गेली होती. त्याबद्दल ते एवढंच म्हणाले, की अक्षर मात्र शेवटी बरं आलं होतं.

हे मी विसरले नाही. विसरले असं दाखवलं, कारण घर चालवायचं होतं.

मग दोन वर्षांपूर्वी, एका औषधाच्या दुकानाची पाटी रंगवताना, शिडीवरच त्यांना झटका आला आणि उजवा हात गेला. पडले नाहीत, तेवढं नशीब. दवाखान्यातून आले तेव्हा हातात बळ होतं पण ताबा नव्हता. व्यायाम शिकवणारी बाई म्हणाली, "रोज ब्रश धरा, जमेल तसं लिहा." झालं. रोज सकाळी जेवणाच्या टेबलावर जुनी वर्तमानपत्रं पसरायची, काळ्या रंगाची वाटी, तो मोठा चपटा ब्रश, आणि पेंटर दोन तास रेघा ओढत बसायचे. त्या रेघा बघवत नव्हत्या. शेवटी चिडून ब्रश टाकायचे, जेवायचे आणि झोपायचे.

ब्रश धुवायचं काम माझं. रंग सुकला तर केस ताठ होतात, म्हणून लगेच धुवावा लागतो. पण धुण्याआधी ब्रशात पुष्कळ रंग उरलेला असायचा. एकदा सहज, वाया कशाला घालवा म्हणून, त्यांच्याच पानाच्या कोपऱ्यात लिहिलं, 'दूध'. ब्रश कसला छान चालला. दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहिलं. मग रोजच. आतून त्यांचं घोरणं ऐकू यायचं आणि मी उभ्या उभ्या, एक डोळा गॅसवर ठेवून लिहायची. काय लिहायची? आई तू कशी आहेस. आता बरं वाटतं का. मी लवकर येते. सात-आठ महिने तेच लिहिलं, आणि कोपरा उरला तर 'साखर', 'खोबरं' किंवा शाळेतली मुळाक्षरं. कुणी 'परत काढ' म्हणणारं नव्हतं. मग पानांची घडी करून पलंगाखालच्या गठ्ठ्यात सरकवायची, रद्दीत द्यायला.

माझे भाऊजी, म्हणजे पेंटरांचे धाकटे भाऊ, दुसऱ्या गावात असतात. संगणकावर अक्षरं करतात. तुम्ही जाहिरातीत, पुस्तकांच्या वेष्टनावर वेगवेगळ्या तऱ्हेची अक्षरं बघता ना, ती कुणीतरी बसून केलेली असतात, त्याला फॉन्ट म्हणतात. ते भेटायला आले आणि म्हणाले, "दादा, तुझ्या हाताचा फॉन्ट करू. ब्रशने सहज लिहिल्यासारखा. तू एकेक अक्षर काढून दे, मग जगात कुणीही कळ दाबली की तुझं अक्षर उमटेल."

त्या दिवशी पेंटरांचा चेहरा मी पाहिला. आजारपणानंतर पहिल्यांदा त्यात माणूस दिसला. जाड पांढरा कागद मागवला. हात हलू नये म्हणून मनगट काठीला फडक्याने बांधून घ्यायचे, मीच बांधायची, आणि तासाला एक अक्षर काढायचे. तीन आठवडे लागले. ती अक्षरं खरंच सरळ आली होती, जुन्या पाट्यांसारखी. भाऊजी न्यायला आले तेव्हा त्यांनी पलंगाखाली वाकून विचारलं, "हा गठ्ठा कसला, वहिनी? हाही नेऊ?"

"रद्दी आहे, न्या," मी म्हटलं. खरं सांगते, माझी पानं त्यात आहेत हे तेव्हा डोक्यातच आलं नाही.

आठ महिन्यांनी भाऊजी टेबलाएवढा छापील कागद घेऊन आले. सगळी अक्षरं त्यावर, प्रत्येकाचे तीन-तीन नमुने. एकच अक्षर सारखं सारखं आलं तर छापल्यासारखं वाटतं, म्हणून तीन ठेवायचे आणि आलटून पालटून वापरायचे, असं म्हणाले. वर मोठ्या अक्षरांत फॉन्टचं नाव, 'पेंटर'. पेंटरांनी चष्मा लावला. कागद जवळ घेतला, लांब धरला.

"हे कोंबडीचे पाय कुणाचे?" त्यांनी विचारलं.

मी चहाचा ट्रे घेऊन मागे उभी होते. मला कुणी सांगायची गरज नव्हती. तो 'त', ज्याची शेपटी लांब गेली होती, तो मी काढत असताना दूध उतू गेलं होतं. तो बुटका 'क' बेल वाजली तेव्हाचा. आणि 'आ' तर तिन्ही माझे, तिन्ही आईचे. मला आनंद झाला. इतका झाला की ट्रे खाली ठेवावा लागला. कशाला खोटं बोलू.

"तुझेच, दादा," भाऊजी हसून म्हणाले. "ते पांढऱ्या कागदावरचे नीट होते, पण तसे संगणकात पैशाला पासरी पडलेत. हे वर्तमानपत्रावरचे बघ. वरची रेघ टेकते टेकते म्हणेपर्यंत निसटते, तिथेच सगळा जीव आहे."

"मी असं काढत नाही."

"आजारपणानंतर हात मोकळा झालाय तुझा. मोठमोठी माणसं बघून गेलीत, एकेक जण येडा झाला."

मोठमोठी माणसं म्हटल्यावर पेंटरांनी कागद पुन्हा जवळ घेतला.

मी भाऊजींना स्वयंपाकघरात गाठलं. सांगितलं. ते आधी हसले, मग माझ्याकडे बघितलं आणि हसायचे थांबले. मी ओट्यावर बोट ओलं करून 'आ' काढून दाखवला. अक्षर आधी, रेघ मागून. भाऊजी पाण्याच्या त्या ओघळाकडे बघतच राहिले.

"सगळी तुमची?"

"मी मोजली नाहीत. पण जेवढी बघितली तेवढी."

"वहिनी," ते हळू आवाजात म्हणाले, "हे आपल्या दोघांतच राहू द्या. त्याचं नाव दिलंय, फोटो दिलाय, आजारी पेंटरचा हात म्हणून सगळीकडे लिहून आलंय. आणि दादाला कळलं तर तो जगेल का?"

"आणि माझं काय?"

"तुमचं काय?" त्यांनी विचारलं. टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच कळलं नव्हतं.

मी मूग गिळून बसले. ती सवय मला होतीच.

पुढच्या काही महिन्यांत ते अक्षर गावभर झालं. बसथांब्यावर फ्रिजची जाहिरात लागली, 'आता आणखी थंड'. दोन पुरुष उंचीचा माझा 'आ'. मी भाजीची पिशवी घेऊन त्याखाली उभी राहिले आणि तीन बस जाऊ दिल्या. बाजूच्या बाईला सांगावंसं वाटलं, की हा मी काढलाय. सांगितलं असतं तर ती जरा सरकून बसली असती.

घरी मात्र वेगळंच चाललं होतं. लोक पेंटरांना भेटायला यायला लागले आणि पेंटरांना हळूहळू आठवायला लागलं, की ही अक्षरं आपणच काढलीत. आधी नुसती मान हलवायचे. मग म्हणायला लागले, "हा मोकळेपणा यायला तीस वर्षं ब्रश धरावा लागतो." एकाला तर सांगितलं, "रेघ टेकवायची नाही, हे मी मुद्दाम केलंय." मी आतून ऐकत होते. उचलली जीभ लावली टाळ्याला. ज्या रेघेपायी माझी आई माझ्या पत्राविना गेली, ती रेघ आता त्यांनी मुद्दाम केली होती.

तेवढ्यात चष्मेवाला आला. त्याच्या जुन्या दुकानाची पाटी पेंटरांनीच रंगवली होती. आता त्याने मोठं दुकान घेतलं होतं, पुढे सबंध भिंतभर काच, आणि दुकानाचं नाव 'लख्ख'. तो म्हणाला, "छापून कुणीही लावेल हो. पण पेंटर, तुम्ही स्वतः काचेवर लिहा, उद्घाटनाला, सगळ्यांसमोर. तुमच्या त्या अक्षरात."

पेंटर हो म्हणाले. सहा आठवडे होते. तो गेल्यावर मला म्हणाले, "हे जमलं ना, तर मी पुन्हा पेंटर. नाहीतर नुसता फोटो." त्यांच्या आवाजात भीती होती आणि ती खरी होती.

दुसऱ्या दिवसापासून तो छापील कागद जेवणाच्या टेबलासमोर भिंतीवर चिकटवला आणि त्यांनी त्यावरून गिरवायला सुरुवात केली. बघा, काय दिवस आले. माझ्या अक्षरावरून पेंटर गिरवत होते. 'ल' काढायचे, मग 'ख'. मान वर करून भिंतीकडे बघायचे, मान खाली घालून कागदाकडे. जमत नव्हतं. जमणार कसं? ते आधी रेघ ओढायचे. एकदा रेघ ओढली की अक्षर तिला चिकटणारच, आणि हात थरथरत असला की लांब रेघच पहिली वाकडी होते. पुढचं सगळं त्या वाकड्या छपराला लोंबकळतं. मी काढते तसं काढलं असतं, आधी अक्षर आणि मग वरून एक झटका, तर थरथरत्या हातालाही जमलं असतं. किंबहुना थरथर शोभूनच दिसली असती. एक वाक्य पुरे होतं. रेघ मागून ओढा. एवढं बोलले असते तर पेंटर तरले असते.

पहिले काही दिवस मी बोलले नाही कारण भाऊजींनी नको म्हटलं होतं. पुढे कारण बदललं. ते लिहायचे आणि मी मागे भाजी चिरत बसायची, आणि मला ते बघायला आवडायला लागलं. एकदा म्हटलंसुद्धा, "'ख'चं पोट नीट येत नाही तुमच्या." त्यांनी मुकाट्याने पान बदललं. मला इतकं गोड वाटलं की त्या दिवशी जेवण चार घास जास्त गेलं.

उद्घाटनाच्या दोन दिवस आधी त्यांचा धीर सुटला. ब्रश वाटीत टाकला आणि टेबलावर डोकं टेकून रडायला लागले. कपाळाला काळा रंग लागला. "माझाच हात आहे," म्हणत होते, "माझंच अक्षर आहे, गेल्या वर्षी येत होतं. मग आता का येत नाही?" मी कधी त्यांना असं पाहिलं नव्हतं. एकतीस वर्षं या माणसाच्या ताटात वाढलंय. माझं काळीज हललं. मी उठले, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि ते वाक्य तोंडाशी आणलं. "अहो," मी म्हटलं, "एक सांगू?"

त्यांनी डोकं वर केलं. नजर माझ्यावर न येता माझ्या मागच्या फळीवर गेली. तिथे नवी बरणी होती, सकाळीच मी चिठ्ठी लावलेली, 'साखर'.

"ते काय आहे?" म्हणाले. उठले, बरणी खाली घेतली, नखाने चिठ्ठी खरवडून काढली. "आता चार माणसं येतात घरी. पेंटरच्या घरात ही असली अक्षरं? आयुष्य गेलं तरी हाताला वळण नाही तुझ्या." आणि दुसरा कागद घेऊन, कापत्या हाताने, आधी रेघ ओढून, 'साखर' लिहायला बसले.

माझी चिठ्ठी त्यांनी चुरगळून टेबलावर टाकली होती. तिच्यातला 'ख' वर आला होता. दोन हातांवर भिंतीला तोच 'ख' चिकटवलेला, ज्यासाठी हा माणूस दीड महिना रक्त आटवत होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा. सुंभ जळला होता, पीळ तसाच होता.

"काय सांगत होतीस?" लिहिता लिहिता त्यांनी विचारलं.

"काही नाही. चहा टाकते म्हटलं."

उद्घाटनाला पन्नास-साठ माणसं होती. भाऊजी आले होते, चष्मेवाल्याने पेंटरांसाठी खुर्ची मांडली होती, पण ते उभे राहिले. नवा शर्ट घातला होता. मी पुढेच होते, रंगाची वाटी धरून. त्यांनी ब्रश बुडवला, काठीला मनगट टेकवलं आणि रेघ ओढली. काचेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाता जाता ती तीनदा खाली आली. मग तिला त्यांनी 'ल' टांगला. काचेवर रंग धरत नाही, 'ल'चं पोट ओघळलं. दोन्ही 'ख' एकमेकांत गेले. शेवटी ब्रश खाली घेतला तेव्हा कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी वाजवली. आजारी माणसासाठी वाजवतात तशी. भाऊजी माझ्याकडे बघत नव्हते. चष्मेवाला म्हणाला, "वा, वा. आठवण राहील."

दुसऱ्या दिवशी पेंटरच म्हणाले, "चल, उन्हात कसं दिसतंय बघून येऊ." मी म्हटलं नको. ऐकलं नाहीत. गेलो तर काच पुसून चकचकीत केलेली आणि तिच्यावर छापील चिकटपट्टीचं 'लख्ख', फॉन्टमधलं. सुरेख दिसत होतं. रेघ 'ल'ला टेकली होती आणि दुसऱ्या 'ख'वरून अलगद निसटली होती. आत चष्मेवाला गिऱ्हाइकाला आरसा दाखवत होता. त्याने आम्हाला पाहिलं आणि पाठ केली.

पेंटर काचेजवळ गेले. बोट लावलं आणि त्या 'ख'वरून हळूहळू फिरवलं, वरून खाली, पुन्हा वरून.

"हे मला येत होतं," ते म्हणाले.

आम्ही घरी आलो. आल्यावर शर्ट काढला, घडी केली, आणि मला वाटलं आता झोपतील. पण त्यांनी टेबलावर वर्तमानपत्र पसरलं. वाटीत रंग ओतला. ब्रश हातात घेतला. मग मान वळवून माझ्याकडे बघितलं.

"तू रोज बघतेस," ते म्हणाले. "तुला दिसत असेल. सांग ना, काय चुकतंय माझं?"

एकतीस वर्षांत त्यांनी मला अक्षराबद्दल पहिल्यांदा काही विचारलं. डोळ्यांत पाणी होतं, टोमणा नव्हता, मस्ती नव्हती. उत्तर माझ्या जिभेवर होतं.

"हाताला वळण राहिलं नाही तुमच्या," मी म्हटलं. "परत काढा."

त्यांनी मान डोलावली, ब्रश बुडवला आणि आधी रेघ ओढली.